ऑपरेशनाचा मान

"काकू, आज पहिल्या मडक्यावर अंजनाकाकू बसन," मधुसूदन म्हणाला, तेव्हा कांताबाईचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

"बसू दे ना," ती म्हणाली. "माह्या बापाचं काय गेलं?"

मधुसूदन गालातल्या गालात हसला आणि मटण रटरटत होतं त्या गंजाकडे निघून गेला. केटरिंगचा माणूस तो, त्याला बायकांच्या आवाजातली धार ऐकायला सवड कुठली! नागपूरजवळच्या वाडीत एका लॉनवर ट्रान्सपोर्टवाल्यांचं दुपारचं जेवण होतं, नव्या गोदामाचं उद्घाटन. पाहुणे यायला लागले होते. मंडपाच्या तोंडाशी दोन चुली पेटल्या होत्या आणि दोन्हींवर एकेक मडकं पालथं बसलं होतं. आत येणाऱ्याला जे आधी दिसतं ते पहिलं मडकं. तिथली बाई लोकांना दिसते, तिच्याच रोटीचे फोटो मोबाइलवर फिरतात, आणि पुढच्या लग्नाला "त्या मावशीले आना" म्हणून निरोप तिलाच येतो. कांताबाई लग्न होऊन सक्करदऱ्याला आली, सासूनं तिला हाताला धरून त्या मडक्यामागे बसवलं, तेव्हापासून ती जागा तिची. सासू गेली, नवरा गेला, दीर गेला, पोरं आपापल्या वाटेनं लागली. जागा काही हलली नव्हती.

आज हलली.

नागपुरात लंबी रोटी खाणारे लाखभर निघतील, करणाऱ्या बोटांवर मोजाव्यात. लोकवन गव्हाचं पीठ इतकं सैल भिजवायचं, की ते परातीत ठरत नाही आणि हाताला सोडत नाही. त्याचा गोळा तळव्यावर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झेलायचा, मनगटाच्या झोक्यावर वाढवत न्यायचा. ओल्या ओढणीसारखा लोंबायला लागला की अलगद मडक्यावर पसरायचा. सगळा खेळ मनगटाचा. आणि घात झाला तोही मनगटातच.

आधी मुंग्या आल्या. मग बोटं बधिर व्हायला लागली. कप हातातून सुटायचा, फुटल्यावर कळायचं. कांताबाईला झालं तेच अंजनाला झालं. एका घरच्या दोन जावा, एका परातीतलं पीठ, दुखणं तरी वेगळं कुठून येणार? दोघी मोठ्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टर मयुरा, वयानं पोरगीच, पण बोलायला गोड. मनगटातून बोटांकडे जाणारी नस दबली आहे, असं त्यांनी कागदावर हात काढून समजावून सांगितलं. इलाज दोन. एक तर लहानसं ऑपरेशन करून नस मोकळी करायची, नाही तर मनगटात इंजेक्शन द्यायचं आणि झोपताना पट्टा बांधायचा.

"हातानं कष्ट करणाऱ्या बायकांना दोन्हीतलं कोणतं जास्त लागू पडतं, याचं आम्ही संशोधन करतोय," त्या म्हणाल्या. "तुमची इच्छा असली तर तुम्ही त्यात येऊ शकता. पण मग कुणाला काय मिळणार ते मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. कंप्युटर ठरवेल."

"म्हंजे लकी ड्रॉ," कांताबाई म्हणाली.

"तसंच समजा," डॉक्टर हसल्या.

घरात कोणतीही गोष्ट आधी मोठीची, म्हणजे कांताबाईची. महालक्ष्म्यांचा पहिला प्रसाद मोठीला, साडी निवडायचा पहिला हात मोठीचा, ऑटोत खिडकीची कड मोठीची. अंजनानं कधी हूं का चूं केलं नव्हतं. त्या दिवशीही पुकारा झाला तो "कांता हेडाऊ" असाच झाला. पण त्याच वेळी आतून एक बाई डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "करंट लावतेत वं माय, नसेले." कांताबाई अंजनाच्या मागे सरकली.

"जा वं अंजने, तू जा आधी," ती म्हणाली. "पाहून ये, काय करतेत तं."

अंजना गेली. नसेची तपासणी झाली, कंप्युटरनं तिच्या नावापुढे ऑपरेशन काढलं. मागून कांताबाई गेली. तिला इंजेक्शन.

"बाई, मी आधी आली असती तं?" तिनं तिथंच विचारलं.

डॉक्टर मयुरा अजून खोटं बोलायला शिकल्या नव्हत्या. त्यांनी जरासा विचार केला. "क्रमानं येतं ते. म्हणजे... हो, बहुतेक ऑपरेशन तुम्हाला आलं असतं. पण काकू, त्यानं बिघडत काही नाही. कोणतं चांगलं ते आम्हालाच अजून माहीत नाही, म्हणून तर—"

पुढचं कांताबाईनं ऐकलंच नाही. दैव देतं अन् कर्म नेतं, ते असं. तिच्या वाटचं ऑपरेशन धाकटीनं नेलं होतं, आणि तेही तिनं स्वतः ढकलून.

मग काय विचारता! अंजना पांढरं बँडेज बांधून घरी आली आणि गल्लीभर बातमी झाली. जो तो भेटायला. कुणी काटोलची संत्री आणली, कुणी शिरा. "टाके किती पडले वं? लय दुखते का?" अंजना उशीला टेकून बसायची आणि लाजल्यासारखं सांगायची. दारात उभ्या कांताबाईलाही इंजेक्शन दिलं होतं, याची कुणाला आठवण नव्हती. एकदा तिनंच विषय काढला, तर शेजारची प्रीती म्हणाली, "सुईचं काय घेऊन बसल्या काकू? सुई तं कुत्रं चावल्यावरबी देतेत."

अंजनाला हात ओला करायची मनाई होती. स्वयंपाक, धुणं, झाडझूड सारं कांताबाईवर आलं. अंजनाची वेणीसुद्धा तीच घालायची. उन्हात ओट्यावर दोघी बसायच्या, एक पुढे, एक मागे. अंजनाचे केस अजून काळे होते, दाट होते. कांताबाई तेल जिरवायची, गुंता हलक्या हातानं सोडवायची, आणि शेवटचा पेड घालताना जरा जास्तच ओढायची.

"हळू वं जाऊबाई," अंजना म्हणायची. "मले बँडेज हाताले हाये, पन दुखनं डोक्शाले होऊन राहिलं."

दोघी हसायच्या. कांताबाईही हसायची. हसणं खरं असायचं आणि ओढणंही खरं असायचं.

टाके निघाले, आणि हळूहळू अंजनाचा हात सुधारत गेला. गंमत अशी, की कांताबाईचाही सुधारला. एका दुपारी सुईत दोरा ओवताना तिच्या ध्यानात आलं, की दोऱ्याचं टोक बोटांना समजतंय. तिनं दोरा काढला, पुन्हा ओवला. कुणाला बोलली नाही. बोलून काय मिळणार होतं? दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, इंजेक्शन लागू पडलं नाही तर पुढे ऑपरेशन करून देऊ. तेव्हापासून तपासणीला गेली की ती एकच उत्तर द्यायची. "तसंच हाये बाई."

आणि आज वाडीच्या लॉनवर, मधुसूदननं पहिलं मडकं अंजनाला दिलं. का, तर ऑपरेशन झालेला हात पक्का, आणि कांताकाकूंचा "तसंच हाये".

दोन्ही मडक्यांचं पीठ नेहमी कांताबाईच भिजवायची. तिनं परातीत हात फिरवला. पीठ जमलं होतं. बोटाबोटाला कळत होतं, किती सैल, किती चिवट. तिनं निम्मं पीठ अंजनासाठी दुसऱ्या परातीत काढलं. मग इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून मूठभर कोरडं पीठ घेतलं आणि त्या निम्म्यात मळून टाकलं. जास्त नाही. मूठभर. वरून पाण्याचा हात फिरवला, की दिसायला दोन्ही सारखं.

अंजना नवं लुगडं नेसून आली होती. पहिल्या मडक्यामागे बसण्याआधी ती कांताबाईपाशी वाकली. "जाऊबाई, मी बसू ना वं? तुमाले राग नाई ना?"

"राग कायचा? बस."

पहिली रोटी झोक्याला आली आणि मधोमध फाटली. अंजनानं तो गोळा बाजूला ठेवला, दुसरा घेतला. तो वाढेचना, वाढला तो काठाशी चिरत गेला. समोर चार-पाच जण मोबाइल धरून उभे होते. तिसरी फाटली तसा एक जण ओरडला, "मावशी, रोटी बनवून राहिली का झालर?" बाकीचे फिदीफिदी हसले.

अंजनाचं तोंड उतरलं. तिनं उजवा हात पदराला पुसला, मूठ वळून पाहिली, मनगटावरची ती बारीक रेघ दाबून पाहिली. पीठ घट्ट आहे की हात जड आहे, याचा निवाडा तिनं हाताच्या विरुद्ध केला. जाऊबाईचं पीठ चुकेल, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

"अंजनाकाकू, तुमी उठा बरं," मधुसूदन धावत आला. "कांताकाकू, तुमी या. लवकर, लोक बसून राहिलेत."

कांताबाई उठली, आपली परात घेऊन पहिल्या मडक्यामागे बसली, आणि तिचा गोळा हातावरून असा वाढत गेला, की मघा हसणारे "वा, मावशी!" म्हणाले. रोटी मडक्यावर पसरली, तिला फोड आले, खरपूस वास सुटला. कांताबाईनं मान वर करून पाहिलं. अंजना भांड्यांपाशी जाऊन बसली होती, पाठमोरी.

तिची परात कांताबाईनं गुपचूप ओढून घेतली आणि पाणी घालून पीठ सैल केलं. एकही गोळा वाया गेला नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर वेणीला बसली तेव्हा अंजना म्हणाली, "जाऊबाई, मी आता मडक्यावर नाई बसत."

"काहून?"

"हात गेला माहा. ऑपरेशन कराले नोको होतं. त्या लॉनवाल्याले भांडे घासाले बाई पायजे, मी हाव म्हनलं."

कांताबाईचा फणीचा हात थांबला. "एका दिवसावरून असं नसते वं. पुन्ना बसून पाय."

"पुन्ना हसू करून घेऊ? नाई बापा." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचं चांगलं झालं. तुमाले सुईवरच भागवलं. मी म्हनत होती मनात, जाऊबाईच्या वाट्याचं आपुन नेलं. पन देवानं तुमाले वाचवलं."

त्या दिवशी वेणी सैल पडली. अंजनानं ती नंतर आपली आपण पुन्हा घातली.

तपासणीचा दिवस आला. अंजना दवाखान्यात एकटी आत जायला बिचकायची, म्हणून दोघींना एकत्रच बसवायचे. डॉक्टर मयुरांनी अंजनाच्या हातात पकड मोजायचं ते यंत्र दिलं. अंजनानं दाबलं. डॉक्टरांनी काटा पाहिला आणि खूश झाल्या.

"अरे वा! पकड तर मस्त आली की."

"मशीन दाबता येते बाई," अंजना म्हणाली. "रोटी फाटते."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी सारं विचारून घेतलं. कधीपासून, कितीदा, दुखतं का, आता काम काय करता. अंजना सांगत गेली. वाडीचं जेवण, तीन रोट्या, लोकांचं हसणं, भांड्यांचं काम. डॉक्टर कंप्युटरवर टाइप करत होत्या.

"पन मशीन तं चांगलं म्हनून राहिली ना?" कांताबाईनं मध्येच विचारलं.

"मशीन काहीही म्हणू दे काकू. हात त्यांचा आहे. त्यांना त्यांचं काम करता येत नाही, तर माझ्या लेखी ऑपरेशन फसलं."

"हे लिहून मंग काय करता तुमी?"

"तुमच्यासारख्या पुष्कळ बायका आहेत यात. शिवणाऱ्या, विणणाऱ्या, विड्या वळणाऱ्या. सगळ्यांचं एकत्र करून पाहणार. पुढे अशी कोणी बाई आली, तर तिला ऑपरेशन सांगायचं की सांगायचं नाही, ते त्यावरून ठरेल." मग त्या अंजनाकडे वळल्या. आवाज खाली आला होता. "मीच तुम्हाला म्हणाले होते ना, हात चांगला होईल म्हणून. मला फार वाईट वाटतंय."

अंजना लगबगीनं म्हणाली, "तुमी काहून वाईट वाटून घेता बाई? माहं नशीब."

कांताबाई त्या पोरसवदा डॉक्टरकडे पाहत राहिली. बोटं कळफलकावर चालली होती. टकटक, टकटक. एक मूठ पीठ त्या यंत्रात शिरत होतं, आणि कुठल्या कुठल्या बायकांच्या परातीत जाऊन पडणार होतं. विणणाऱ्या, वळणाऱ्या, तिनं कधी न पाहिलेल्या.

"पीठ घट्ट होतं," ती म्हणाली.

"काय?" डॉक्टरांनी मान वर केली.

"वाडीले. त्या दिवशी पीठ घट्ट होतं. घट्ट पिठाची रोटी कोनाच्याबी हातानं फाटते. तिचा हात चांगला हाये."

अंजना वळून तिच्याकडे पाहू लागली. क्षणभर तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि मग तिथं कळवळाच आला. "अवं माय, जाऊबाई! तुमाले समजलं नसन. बोटं बधिर तुमची. मी कशी पागल, तुमच्याच हातात पीठ देऊन राहिली."

डॉक्टर सावरून बसल्या. "हो, बरोबर! तुमच्या बोटांना अजून कळत नाही, तुम्ही मागेही तसंच आहे म्हणाला होता. पीठसुद्धा कळेना म्हणजे इंजेक्शनचा उपयोग झाला नाही, काकू. मग थांबायचं कशाला? तुमचं ऑपरेशन करून टाकू. या महिन्यातच करू."

बोलता बोलता कांताबाईला हवं होतं ते सगळं समोर आलं होतं. पांढरं बँडेज, उशी, दारात येणारी माणसं. तिनं नुसतं हाव म्हणायचं होतं. म्हणायचंही नव्हतं, मान हलवली असती तरी चाललं असतं. अंजना तर तिचा हात आपल्या हातात घेऊन बसली होती, तिची बोटं चोळत होती. आणि ते चोळणं, अंजनाच्या तळव्याचा खरखरीतपणा, मनगटावरची ती बारीक रेघ, सगळं कांताबाईच्या बोटांना कळत होतं. एकूण एक.

तिनं हात सोडवून घेतला.

"समजत होतं," ती म्हणाली. "माही बोटं चांगली हायेत. लय दिवसांची. तुमाले खोटं सांगत होती मी बाई. कोरडं पीठ मी जानूनच टाकलं."

डॉक्टर मयुरांचे हात कळफलकावरून उचलले गेले, ते तसेच वर राहिले. अंजना उठली, पदर खांद्यावर घेतला, आणि खुर्ची आवाज न करता मागे सारून बाहेर गेली.

डॉक्टरांनी विचारलं, "मग तुमचं... बरं आहे, असं लिहू?"

"हाव. इंजेक्शननं बरं हाये, असं लिहा. अन् तिचं पुसा आधी."

"पुसते." त्यांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण बाहेर पुढचं नाव पुकारलं गेलं.

दोघींच्या पिशव्या बाकावरच होत्या. कांताबाईनं त्या उचलल्या आणि ती फाटकाकडे निघाली. अंजना ऑटोनं निघूनही गेली असेल, अशी तिची समजूत. पण ती फाटकाबाहेर कडुलिंबाखाली उभी होती. कांताबाई जवळ गेली, तरी तिनं पाहिलं नाही.

"किती टाकलं होतं?" अंजनानं विचारलं, रस्त्याकडे पाहत.

"मूठभर."

"बस?"

"हाव."

अंजनानं आपला उजवा हात समोर धरला. मूठ वळली, उघडली. पुन्हा वळली, पुन्हा उघडली. "म्हंजे हात चांगला हाये माहा," ती म्हणाली. हे ती कांताबाईला सांगत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्या पाण्याखालून चेहरा लख्ख उजळत होता. त्या उजेडात कांताबाईला जागा नव्हती. रागालाही नव्हती. अंजना त्या घडीला फक्त आपल्या हाताची झाली होती.

मग तिथंच, ऑटोवाले आणि फळवाले पाहत असताना, तिनं दोन्ही तळवे वर धरले आणि हवेतला गोळा झेलला. या हातावरून त्या हातावर. एक झोका, दुसरा झोका. मनगटं सैल सुटली होती. नसलेली रोटी वाढत वाढत कोपरापर्यंत लोंबायला लागली. फळवाला हात थांबवून बघत राहिला.

कुठं फाटत नव्हती. कांताबाईला मनगटांवरून कळत होतं. सुरेख आली होती रोटी, आपल्यापेक्षा बोटभर मोठीच, आणि एवढं सगळं होऊनही ते बोटभर तिला टोचलं.

अंजनाचे हात आणखी पसरले. कांताबाईनं दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या आणि त्या हातांना जागा मिळावी म्हणून एक पाऊल मागे सरकली.